वाचलेल्या मुलांचे प्रौढपण

गेल्या शतकातील वैद्यकाच्या इतिहासात ज्या मोजक्या प्रकरणांविषयी निर्भेळ विजयाच्या भाषेत बोलता येते, त्यांत फिनाइलकिटोन्यूरिया या दुर्मिळ आनुवंशिक व्याधीच्या प्रकरणाचे स्थान फार वरचे आहे. जन्मतः निर्दोष दिसणारे मूल काही महिन्यांतच मंदावू लागावे, पाहता पाहता त्याची बुद्धी कायमची झाकोळून जावी आणि त्याचे उरलेले आयुष्य एखाद्या संस्थेच्या आवारात इतरांच्या आधाराने कंठले जावे, हे ज्या व्याधीचे जवळजवळ ठरलेले भवितव्य होते, ती व्याधी टाचेतून काढलेल्या रक्ताच्या थेंबांवरून जन्मानंतर थोड्याच दिवसांत ओळखता येऊ लागली आणि केवळ आहाराच्या नियमनाने आवरताही येऊ लागली, ही गोष्ट खरोखरच अपूर्व होती. मात्र ही कथा सांगणारे बहुधा त्या मुलाला शाळेच्या दारापर्यंत पोचवून थांबतात. त्यानंतर ते मूल पंचवीस वर्षांचे होते, चाळीस वर्षांचे होते. कचेरीत जाते, संसार मांडते, घरभाड्याच्या आणि हप्त्यांच्या तारखा सांभाळते. आणि या साध्या व्यवहारांत त्याच्या चित्ताची जी ओढाताण चालते, तिची नोंद त्या विजयाच्या इतिहासात फार उशिरा आणि फार त्रोटक झाली. ती ओढाताण हाच पुढील पानांचा विषय आहे.

अवधान हा आपण शीलाचा भाग मानत आलो आहोत. मन लावून काम करील तो गुणी आणि ज्याचे मन भरकटेल तो हयगय करणारा, असा निवाडा घरात, शाळेत आणि कचेरीत रोज होत असतो, आणि सर्वसाधारण माणसाच्या बाबतीत त्यात काही तथ्यही असते. परंतु काही माणसांचे अवधान त्यांच्या रक्तातील एका द्रव्याच्या प्रमाणावर अवलंबून असते. ते प्रमाण आटोक्यात ठेवण्याचा जो उपाय आहे, तो अमलात आणण्यासाठीच सर्वांत अधिक अवधान लागते. आणि म्हणून या माणसांना केवळ निर्धाराचा उपदेश करून भागत नाही, त्यांच्याभोवती इतरांनी मिळून काही तजवीज उभी करावी लागते. हा या पुस्तकाचा मध्यवर्ती विचार आहे, आणि तो पटण्यासाठी व्याधीचे स्वरूप आरंभापासून समजून घेणे अवश्य आहे.

1934 साली नॉर्वेमध्ये, ऑस्लो येथे, आस्ब्यर्न फॉलिंग या वैद्य आणि रसायनज्ञ अशा दुहेरी विद्वानाकडे बोर्गनी एगेलँड नावाची एक माता आपल्या दोन मतिमंद मुलांना घेऊन आली. मुलांच्या अंगाला एक विलक्षण कुबट वास येतो, त्याचा आणि त्यांच्या अवस्थेचा काही संबंध असावा, हा तिचा संशय अनेक वैद्यांनी ऐकून सोडून दिला होता. फॉलिंग यांनी तो सोडला नाही. मुलांच्या मूत्रात फेरिक क्लोराइडचे थेंब टाकताच त्याला गडद हिरवा रंग आला, आणि बराच काळ चिकाटीने पृथक्करण केल्यावर त्या रंगाचे कारण असलेले द्रव्य फिनाइलपायरुविक आम्ल असल्याचे त्यांनी सिद्ध केले. मग त्यांनी निरनिराळ्या संस्थांतील 430 रुग्णांची तीच परीक्षा केली आणि आणखी 8 जणांत तेच द्रव्य आढळले. ज्या मंदत्वाला तोवर केवळ दैवाचा किंवा कुळाचा दोष समजत, त्याच्या एका प्रकाराला रासायनिक कारण आहे हे त्यामुळे प्रथमच दिसून आले, आणि त्याचे मूळ श्रेय शास्त्रज्ञाइतकेच त्या मातेच्या सूक्ष्म निरीक्षणालाही दिले पाहिजे.

पुढे अमेरिकेत जॉर्ज जर्व्हिस यांनी 1953 पर्यंत दोषाचे नेमके ठिकाण दाखवून दिले. आपण जे जे प्रथिनयुक्त अन्न खातो, त्यात फिनाइलअलॅनिन नावाचे अमिनो आम्ल असते. त्यातील शरीराला लागेल तेवढे वापरून उरलेल्याचे टायरोसिन या दुसऱ्या अमिनो आम्लात रूपांतर करण्याचे काम यकृतातील एक विकर करते. आणि या व्याधीत ते विकरच मुळी नसते किंवा अत्यंत क्षीण असते. त्या विकराचा आराखडा ज्या जनुकात असतो, ते बाराव्या गुणसूत्रावर आहे. माता आणि पिता या दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच व्याधी प्रकट होते. दोघेही केवळ वाहक असतील तर ते स्वतः पूर्ण निरोगी असतात, आणि प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी चारांत एक एवढी व्याधीची शक्यता राहते. युरोपातील बहुतेक देशांत साधारण दहा हजार जन्मांमागे एक असे तिचे प्रमाण आढळते. तुर्कस्थानात आणि आयर्लंडमध्ये ते याहून बरेच अधिक आहे.

कारण सापडले तरी इलाज सापडायचा होता. तो बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयात हॉर्स्ट बिकेल, जॉन जेरार्ड आणि एव्हलिन हिकमन्स यांनी, लंडनच्या लुई वुल्फ यांच्या साहाय्याने, दोन वर्षांच्या एका मुलीवर करून पाहिला. दुधातील केसिनचे विघटन करून आणि कोळशाच्या साहाय्याने त्यातील फिनाइलअलॅनिन काढून टाकून त्यांनी तिच्यासाठी एक कृत्रिम अन्न सिद्ध केले. जी मुलगी उभी राहत नव्हती, बोलत नव्हती, दिवसभर कण्हत आणि डोके आपटत असे, ती काही महिन्यांत रांगू लागली आणि भोवतालच्या गोष्टींकडे पाहू लागली. ही सुधारणा खरोखर आहाराचीच की योगायोगाची, याचा निर्णय लावण्यासाठी तिच्या अन्नात आईलाही न सांगता फिनाइलअलॅनिन मिसळण्यात आले. काही तासांतच रडणे आणि डोके आपटणे पुन्हा सुरू झाले. 1953 साली प्रसिद्ध झालेल्या या वृत्तान्तातील पद्धतीबद्दल आज नीतिशास्त्राचे गंभीर आक्षेप निघतील. परंतु रक्तातील द्रव्य वाढले की वर्तन तत्काळ बदलते, हा जो धडा त्यात होता, तो प्रौढांच्या संदर्भात पुन्हा गिरवायला शास्त्राला काही दशके लागली.

त्यानंतर बफेलो येथील रॉबर्ट गथ्री यांनी, ज्यांचा स्वतःचा मुलगा मतिमंद होता आणि जिच्यात ही व्याधी उशिरा ओळखली गेली अशी एक भाचीही होती, टीपकागदावर घेतलेल्या रक्ताच्या थेंबांची जंतूंच्या वाढीवरून करावयाची एक स्वस्त आणि सुटसुटीत परीक्षा शोधून काढली. ती 1963 साली प्रसिद्ध झाली, त्याच साली मॅसॅच्युसेट्सने ती कायद्याने आवश्यक केली, आणि पुढे एकामागून एक देशाने तिचा अंगीकार केला. आज जगात जेथे जेथे नवजात बालकांच्या टाचेतून रक्त घेण्याची वहिवाट आहे, तेथे तिचा उगम या एका व्याधीच्या परीक्षेत आहे.

आता या इतिहासाचा तो भाग येतो, ज्यापासून आपला विषय सुरू होतो. मेंदूची मुख्य वाढ पहिल्या पाच-सहा वर्षांत पुरी होते, तेव्हा त्यानंतर हा जाचक आहार सोडला तरी चालेल, अशी त्या काळच्या अनेक वैद्यांची प्रामाणिक समजूत होती. त्या समजुतीनुसार 1960 आणि 1970 च्या दशकांतील असंख्य मुलांना शाळेच्या पहिल्या वर्षांतच आहारातून मुक्त करण्यात आले, आणि त्यांचे दप्तर बंद झाले. काहींचा बुद्ध्यंक पुढे घसरला, हे तुलनेने लवकर ध्यानात आले. परंतु ज्यांचा बुद्ध्यंक टिकून राहिला, जे शिकले, ज्यांना नोकऱ्या लागल्या, त्यांची तक्रार निराळीच होती: मन एका ठिकाणी टिकत नाही, ऐकलेली सूचना अर्ध्यावर निसटते, चार कामांचा क्रम लावता लावता दिवस संपतो, आणि दुसऱ्याला एका बैठकीत होणाऱ्या कामापाशी पुन्हा पुन्हा परत यावे लागते. बुद्धीच्या ढोबळ मापनात न सापडणाऱ्या या तक्रारी ऐकण्याची व्यवस्था कोठेच नव्हती, कारण बालरोगतज्ज्ञांच्या दृष्टीने ती माणसे मोठी झाली होती आणि प्रौढांच्या वैद्यांना त्या व्याधीचे नावही परिचयाचे नव्हते. 1993 साली ब्रिटनमधील वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने आणि 2000 साली अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने आहार आजन्म चालू ठेवण्याची शिफारस केली. परंतु तोवर एक संपूर्ण पिढी त्या शिफारशीच्या कक्षेबाहेर निघून गेली होती.

अवधान आणि हे द्रव्य यांचा संबंध कसा लागतो, हे समजून घेण्यासारखे आहे. रक्तातून मेंदूत जाणाऱ्या सीमेवर फिनाइलअलॅनिन, टायरोसिन, ट्रिप्टोफॅन आणि आणखी काही अमिनो आम्लांना मिळून एकच वाहक असतो. फिनाइलअलॅनिनची गर्दी झाली की इतरांना प्रवेश अपुरा मिळतो. टायरोसिनपासून डोपामिन आणि ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन तयार होते, तेव्हा मेंदूतील या दोन्ही संदेशवाहकांची निर्मिती मंदावते. मेंदूच्या अग्रभागी, कपाळामागे, जो प्रदेश आहे, त्याच्याकडे लक्ष टिकवणे, मोह आवरणे आणि कामाचा बेत आखणे ही कार्ये असतात. आणि त्या प्रदेशातील डोपामिनचे तंतू टायरोसिनच्या किंचित टंचाईनेही बाधित होतात, असे प्रतिपादन अडेल डायमंड यांनी 1990 च्या दशकात बालकांवरील आणि प्राण्यांवरील प्रयोगांच्या आधारे केले. शिवाय दीर्घकाळ वाढलेल्या फिनाइलअलॅनिनमुळे मेंदूच्या श्वेतद्रव्यात जे फरक पडतात, ते आज चुंबकीय प्रतिमांत दिसतात. ही कारणमीमांसा सर्वस्वी पुरी झाली असे म्हणता येणार नाही. पण तिची दिशा पक्की आहे.

या संबंधाचा सर्वांत बोलका पुरावा नेदर्लंड्समधील एका छोट्या प्रयोगाने दिला, ज्याचे निष्कर्ष 2011 साली प्रसिद्ध झाले. लहानपणापासून अखंड आहार पाळणाऱ्या 9 प्रौढांना एका कालखंडात चार आठवडे फिनाइलअलॅनिन आणि दुसऱ्या कालखंडात तितकेच दिवस निरुपद्रवी पदार्थ देण्यात आला. कोणत्या वेळी काय दिले जात आहे, हे त्यांनाही ठाऊक नव्हते आणि परीक्षकांनाही नव्हते. त्यांच्या मनःस्थितीविषयी त्यांना स्वतःला विचारले गेले, तसेच निकटच्या एका व्यक्तीलाही विचारले गेले. फिनाइलअलॅनिनच्या काळात मन खिन्न झाले आणि दीर्घकाळ लक्ष टिकवण्याच्या परीक्षेतील कामगिरी खालावली. माणसे तीच, शील तेच, सवयी त्याच. फरक होता तो रक्तातील एका द्रव्याचा. ज्या कोणाला अद्याप वाटत असेल की अशा माणसाने मनावर घेतले तर सर्व काही ठीक होईल, त्याने या प्रयोगाचा शांतपणे विचार करावा.

या अवधानभंगाचे स्वरूपही वेगळे आहे. लक्ष न लागण्याच्या सर्वपरिचित विकारात जी अंगाची चुळबुळ आणि उतावळेपणा दिसतो, तो येथे कमी असतो. विचारांची गती मंदावणे, एकाच कामावर बराच वेळ चित्त न टिकणे आणि एकाच वेळी दोन गोष्टी मनात धरता न येणे ही लक्षणे ठळक असतात. ती रक्तातील प्रमाणाबरोबर वरखाली होतात; साधा ताप आला आणि शरीर स्वतःचीच प्रथिने मोडू लागले, तरीही प्रमाण चढते. आणि ही घसरण इतकी हळूहळू होते की ज्याची होते त्याला ती जाणवतच नाही, कारण जाणवण्याचे जे साधन, तेच मलूल झालेले असते. अनेक वर्षांनी पुन्हा आहारावर आलेले पुष्कळ प्रौढ असे सांगतात की आपल्या डोक्यात धुके होते, हे ते धुके निवळल्यावरच आपल्याला कळले. म्हणून अशा रुग्णाने आपण ठीक आहोत असे सांगितले, तरी तेवढ्यावर फैसला न करता रक्त तपासावे लागते. निरोगी माणसाच्या एका लिटर रक्तात हे द्रव्य 120 मायक्रोमोलपेक्षा कमी असते, तर तीव्र व्याधीत उपचाराविना ते 1200 च्या वर जाते. प्रौढांसाठी अमेरिकेतील तज्ज्ञांनी 2014 साली 360 ची मर्यादा घातली, युरोपातील तज्ज्ञांनी 2017 साली 600 ची. या दोन आकड्यांमधील वाद अजून मिटलेला नाही.

आता मुख्य पेचाकडे वळू. तीव्र प्रकारच्या व्याधीत दिवसाकाठी बहुधा 500 मिलिग्रॅमहून कमी फिनाइलअलॅनिन चालते. एका अंड्यात सुमारे 300 मिलिग्रॅम असते, पेलाभर दुधातही जवळजवळ तितकेच. म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध, पनीर, डाळी, उसळी, शेंगदाणे हे सर्व वर्ज्य, आणि भात-भाकरीसुद्धा तोलूनमापून. आपल्याकडच्या पदार्थांत साबुदाणा तेवढा मोकळेपणाने चालतो, पण त्याच्या खिचडीत दाण्याचे कूट चालत नाही. काही शीतपेयांत आणि गोळ्यांत साखरेऐवजी घातलेल्या ॲस्पार्टेममध्येही हे द्रव्य असते, म्हणून वेष्टनावरील बारीक अक्षर वाचावे लागते. प्रथिनांची उणीव भरून काढण्यासाठी उग्र वासाचे एक मिश्रण दिवसातून तीन-चार वेळा, चुकू न देता, प्यावे लागते; अन्नाची नोंद ठेवावी लागते; ठरल्या मुदतीने बोट टोचून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन धाडावे लागतात. बेत आखणे, मोजणे, लक्षात ठेवणे, मोह टाळणे ही जी मनाची कार्ये या व्याधीत सर्वांत आधी दुबळी होतात, नेमकी तीच कार्ये या उपचाराला रोज लागतात. एखाद-दोन आठवडे हयगय झाली की प्रमाण चढते, चढले की लक्ष ढळते, आणि लक्ष ढळले की हयगय वाढते. ज्या दिव्याच्या उजेडात वात सारखी करायची, तो दिवाच मंद व्हावा, तशी ही अवस्था आहे. बालपणी हे चक्र सुरू होत नाही, कारण तेव्हा आईचे किंवा वडिलांचे अवधान मुलाच्या कामी येते. वयात आल्यावर, स्वावलंबनाच्या नावाखाली, तो आधार एका दिवसात काढून घेतला जातो, आणि नंतर जे घडते त्याला आपण बेफिकिरी म्हणतो.

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच गंभीर होतो. मातेच्या रक्तात हे द्रव्य वाढलेले असेल, तर गर्भातील मुलाला स्वतः व्याधी नसतानाही त्याचे डोके लहान राहणे, हृदयात दोष येणे, बुद्धी खुंटणे अशा आपत्ती संभवतात. म्हणून गर्भधारणेच्या आधीपासूनच आहार कडक करावा लागतो. ज्या तरुणीचे चित्त वर्षानुवर्षे आहाराविना अस्थिर झाले आहे, तिच्याकडून ऐन त्या वेळी सर्वांत काटेकोर हिशेबाची अपेक्षा केली जाते. तिला त्या वेळी दोष देणारे पुष्कळ भेटतात. स्वयंपाकघरातला तराजू हाती घेऊन शेजारी बसणारे थोडे.

येथे एक इशारा देणे कर्तव्य आहे. या विवेचनाचा अर्थ या व्याधीची सर्व प्रौढ माणसे अवधानाने दुबळी असतात, असा कोणीही करू नये. लवकर उपचार मिळालेले आणि आहार सांभाळणारे कितीतरी लोक उच्च शिक्षण घेऊन जबाबदारीची कामे उत्तम रीतीने पार पाडत आहेत. एकाच प्रमाणाचा परिणाम दोन माणसांवर सारखा होत नाही. आणि अपुरी झोप, विषण्णता, थायरॉइडचा विकार अशा इतर कारणांनीही लक्ष ढळू शकते, तेव्हा प्रत्येक विस्मरणाचे खापर या व्याधीवर फोडणे अशास्त्रीय ठरेल. एखाद्या मालकाने या माहितीचा उपयोग अर्ज नामंजूर करण्यासाठी केला, तर तो या पुस्तकाच्या हेतूचा विपर्यास होईल.

नव्या औषधांचीही नोंद घेतली पाहिजे. 2007 साली अमेरिकेत मान्यता मिळालेले सॅप्रोप्टेरिन काही रुग्णांत त्या क्षीण विकराला साहाय्य करते, आणि ज्यांना ते लागू पडते, त्यांच्या अवधानातही सुधारणा होत असल्याचे नियंत्रित परीक्षणात दिसले आहे. 2018 साली तेथे प्रौढांसाठी मान्य झालेले पेगव्हॅलिएज हे इंजेक्शन फिनाइलअलॅनिनचे शरीरातच विघटन करते. मात्र त्याने तीव्र ॲलर्जी होण्याचा धोका असतो. दोन्ही औषधे अतिशय महाग आहेत, आणि आपल्या देशातील बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहेत.

भारतात या प्रश्नाचे स्वरूप याहून मूलभूत आहे. नवजात बालकांची सार्वत्रिक तपासणी देशभर अजून जारी झालेली नाही. गोव्याने 2008 साली सरकारी पातळीवर असा उपक्रम हाती घेतला, आणि काही खासगी रुग्णालयांत ही सोय पैसे मोजून मिळते. म्हणून आपल्याकडे ही व्याधी बहुधा उशिरा, बुद्धीची हानी होऊन गेल्यावर ओळखली जाते. अशा उशिरा ओळखल्या गेलेल्या प्रौढांची गेलेली बुद्धी आहाराने परत येत नाही. परंतु काहींची अस्वस्थता कमी होते आणि लक्ष थोडे अधिक टिकू लागते, असा त्यांना सांभाळणाऱ्यांचा इतर देशांतील अनुभव आहे, आणि तो आपल्या संस्थांनीही ध्यानात घ्यावा असा आहे. 2021 च्या राष्ट्रीय दुर्मिळ रोग धोरणात, विशेष आहाराने आटोक्यात राहणाऱ्या विकारांत या व्याधीचा नावाने समावेश झाला आहे, आणि त्या धोरणाखाली नेमलेल्या केंद्रांत मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय आहे. कागदावरची ही तरतूद आज वाचणाऱ्या मुलांपर्यंत पोचली, तर वीस वर्षांनी आपल्याकडेही प्रौढांची एक नवी पिढी उभी राहील. पाश्चात्त्य देशांनी आपल्या पहिल्या पिढीचे दप्तर बंद करून जी किंमत मोजली, ती आपण मोजण्याचे कारण नाही. मुलांसाठी व्यवस्था करतानाच प्रौढांची व्यवस्थाही आखून ठेवता येईल.

ती आखणी अवघड नाही. बालरोग विभागातून प्रौढ विभागाकडे रुग्णाला सोपवताना दोन्ही वैद्यांनी काही काळ त्याला एकत्र पाहावे. रक्ताचा अहवाल आठवडाभरात हाती पडावा, म्हणजे कारण आणि परिणाम यांचा संबंध रुग्णाला स्वतःच लावता येईल. वर्षातून एकदा त्याच्या अवधानाची आणि मनःस्थितीची पद्धतशीर तपासणी व्हावी. मिश्रणाची वेळ सांभाळण्यास आणि अन्नाचा हिशेब ठेवण्यास घरातील एका माणसाने, तगादा न लावता, हातभार लावावा. कचेरीत सूचना तोंडी न देता लेखी द्याव्यात आणि एक काम पुरे झाल्यावर दुसरे द्यावे. यांतील एकाही गोष्टीला फार खर्च येत नाही. जी गोष्ट लागते, ती म्हणजे या माणसाच्या अडचणीला कसूर न मानता तिची दखल घेण्याची तयारी.

मराठी वाचकाला हे पुस्तक एका अत्यंत दुर्मिळ व्याधीचे वाटेल, आणि आपला त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न त्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. संख्येने ही माणसे थोडी आहेत, हे खरे. परंतु इतर व्याधींत ज्या गोष्टीचा केवळ तर्क करता येतो, ती येथे रक्ताच्या एका आकड्यात मोजता येते, आणि म्हणून मनाच्या ज्या दुर्बलतेला आपण सरसकट दोष देतो, तिच्याविषयी अधिक न्यायाने विचार करायला ही थोडी माणसे आपल्याला शिकवू शकतात. ज्यांच्या घरी ही व्याधी आहे त्यांनी हे पुस्तक उपचाराच्या कामी वाचावे. वैद्यांनी आपल्या जुन्या रुग्णांची नावे पुन्हा काढण्यासाठी वाचावे. आणि ज्यांचा यांपैकी कशाशीही संबंध नाही, त्यांनी पुढच्या वेळी कोणाला निष्काळजी ठरवण्यापूर्वी त्याची अडचण विचारण्याची सवय लागावी म्हणून वाचावे, अशी माझी मनःपूर्वक विनंती आहे.